बंदूक आली कुठून, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमचा पेपर मी रोज रात्री झोपायच्या आधी मोबाईलवर वाचते, इथे डेनव्हरला रात्र असते तेव्हा तिकडे सकाळचा चहा चालू असतो. सतरा वर्षं झाली मला कोलोरॅडोत येऊन, पण वाचायची सवय सुटली नाही. अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की तुमच्याकडे बातमी येते, किती मेले, मारणारा किती वर्षांचा, राष्ट्राध्यक्ष काय म्हणाले, आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं की अमेरिकेत भाजी घ्यावी तशी कुणीही दुकानात जाऊन बंदूक घेऊ शकतो. ते वाक्य वाचून गावाकडून आईचा फोन येतो, आत्याचा येतो, ज्यांची मुलं एमएसला यायची आहेत त्यांचे तर विचारूच नका. आणि ते वाक्य खरं नाहीये. खरं काय आहे ते मला त्याहून जास्त काळजीचं वाटतं म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांब होईल, जमलं तर सगळं छापा.

दुकानात चेक होतो, म्हणजे घेणाऱ्याच्या मागच्या नोंदी तपासतात. १९९३ चा ब्रेडी कायदा आहे, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्यांचे प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागून ते कायमचे अपंग झाले, त्यांनी आणि त्यांच्या बायकोने कितीतरी वर्षं मागे लागून तो करून घेतला. नोव्हेंबर १९९८ पासून एफबीआयची कॉम्प्युटर सिस्टीम चालू आहे. लायसन्स असलेल्या दुकानात गेलं की ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, आयडी दाखवायचं, दुकानदार ती माहिती पाठवतो आणि उत्तर येतं, द्या, थांबा किंवा देऊ नका. बहुतेकांचं उत्तर काही मिनिटांत येतं. मोठा गुन्हा सिद्ध झालेला, घरात बायकोला मारहाण केल्याची शिक्षा झालेला, कोर्टाने मानसिक कारणावरून धोकादायक ठरवलेला, अशांना बंदूक विकता येत नाही. फॉर्ममध्ये खोटं लिहिणं हाही गुन्हाच.

मग अडलं कुठे? अडलं असं की देशाच्या कायद्यात हा चेक दुकानाला लावलाय, बंदुकीला नाही. लायसन्सवाला दुकानदार विकत असेल तर चेक करायलाच हवा, पण माझ्या शेजाऱ्याने गॅरेजमधली जुनी रायफल ऑनलाईन जाहिरात टाकून कुणा अनोळखी माणसाला पार्किंग लॉटमध्ये विकली तर देशाचा कायदा त्याला चेक करायला सांगत नाही. तो घेणारा त्याच सकाळी दुकानातून नकार घेऊन आला असेल तरी विकणाऱ्याला कळायचं कसं? माहीत असून विकलं तर गुन्हा आहे, पण विचारलंच नाही तर माहीत होणार कसं.

हे मी कल्पना करून लिहीत नाहीये. टेक्सासमध्ये मिडलंड आणि ओडेसा अशी जवळजवळची दोन गावं आहेत, तिथे ३१ ऑगस्ट २०१९ ला एका माणसाने गाडीतून फिरत फिरत सात जणांना मारलं. हाच माणूस २०१४ मध्ये दुकानात बंदूक घ्यायला गेला होता आणि चेकमध्ये नापास झाला होता, म्हणजे सिस्टीमने त्याला ओळखलं होतं, अडवलं होतं. नंतर त्याने एका खासगी माणसाकडून घेतली, तिथे चेक नाही. त्या विकणाऱ्याला पुढे विनापरवाना धंदा केला म्हणून दोन वर्षांची शिक्षा झाली, पण सात माणसं गेली ती गेलीच. मी हे वाचलं तेव्हा मुलगा बालवाडीत होता आणि कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हतं की एकदा 'नाही' म्हटलेलं होतं त्याला.

माझं माहेर कुडाळ तालुक्यातलं. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, आमच्या सिंधुदुर्गात असे परवाने बऱ्याच घरांत असतात कारण माकडं आणि रानडुकरं काजू, भात, नारळ काही ठेवत नाहीत. त्यामुळे बंदूक दिसली की अंगावर काटा येणारी मी नाही, घराच्या माळ्यावर होती ती, आम्ही पोरं तिच्या आसपास फिरकलो तरी आजोबा ओरडायचे. पण तिच्यामागे केवढं लचांड होतं ते मला आठवतं. परवान्यासाठी पोलीस ठाण्याचा रिपोर्ट, गावात येऊन चौकशी, नूतनीकरणाच्या तारखा, आणि निवडणूक लागली की आजोबा बंदूक खांद्याला लावून एसटीने पोलीस ठाण्यात जायचे, जमा करायचे, पावती घेऊन यायचे आणि ती पावती देवघरातल्या फळीवर ठेवायचे. निवडणूक संपली की पुन्हा जाऊन आणायची. ते गेले तेव्हा बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत बाबांना आठवण करून द्यावी लागली की परवाना आजोबांच्या नावावर होता, आता ती घरात ठेवता येत नाही, आधी जमा करा. काकांनी मग स्वतःच्या नावाने अर्ज केला, पुन्हा सगळी चौकशी. सख्ख्या बापाची बंदूक मुलाला मिळायला पुन्हा पहिल्यापासून सगळं. आम्हाला ते जाचक वाटायचं, आता नाही वाटत.

तिकडे सगळं छान आहे असं म्हणायचं नाहीये मला, गावठी कट्ट्यांच्या बातम्या तुमच्याच पेपरात वाचते. सांगायचं एवढंच की आमच्याकडे परवाना माणसाचा असतो आणि बंदूक हात बदलते तेव्हा नवीन माणसाची चौकशी होते, हा विचार मला लहानपणापासून इतका सरळ वाटत आलाय की इथे त्यावर लोक तीस वर्षं भांडतायत हे समजून घ्यायला मला वेळ लागला.

कोलोरॅडोचं सांगते कारण मी इथे राहते आणि या राज्याने हे सगळं फार जवळून बघितलंय. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर कोलंबाईन हायस्कूल आहे. २० एप्रिल १९९९, दोन विद्यार्थ्यांनी त्या दिवशी १२ मुलांना आणि एका शिक्षकाला मारलं. त्यांच्या बंदुका आल्या कुठून? दोघं तेव्हा अठराचे नव्हते, म्हणून अठरा पूर्ण झालेल्या मैत्रिणीला घेऊन गन शोला गेले, गन शो म्हणजे हॉलमध्ये टेबलं मांडून जत्रेसारखी विक्री असते, तिथे लायसन्सवाले दुकानदारही असतात आणि बिगर लायसन्सवालेही. तिने बिगर लायसन्सवाल्यांकडून तीन बंदुका घेतल्या, फॉर्म नाही, चेक नाही. चौथं हत्यार ओळखीतल्या एकाने विकलं, त्याला पुढे तुरुंगवास झाला. त्या मुलीने नंतर राज्याच्या आमदारांसमोर सांगितलं की चेक असता तर मी त्यांना घेऊन दिल्या नसत्या. म्हणजे फार मोठं काही लागत नव्हतं, एक फॉर्म पुढे आला असता आणि खाली स्वतःचं नाव लिहून सही करावी लागली असती तर ती पोरगी मागे फिरली असती.

त्यानंतर २००० साली इथल्या लोकांनी मतदान करून गन शोमधल्या प्रत्येक विक्रीला चेक लावला, जवळजवळ ७० टक्के मतं बाजूने पडली. आणि कोलोरॅडो म्हणजे काही बंदुका नकोशा असलेल्या लोकांचं राज्य नाही हो, इथे शिकार घराघरात आहे. माझ्या ऑफिसमधला एक सहकारी दर ऑक्टोबरला एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणाच्या, शिकारीला डोंगरात जातो, मांस फ्रीजरमध्ये वर्षभर पुरवतो. पुढे २०१२ मध्ये ऑरोराच्या थिएटरमध्ये १२ जण मारले गेले आणि २०१३ मध्ये राज्याने खासगी विक्रीलाही चेक लावला. त्यावरून इतका राग उसळला की दोन राज्य सिनेटरना मतदारांनी मध्येच घरी बसवलं. पण कायदा टिकला. आता त्या सहकाऱ्याला जुनी रायफल विकायची असेल तर तो आणि घेणारा दोघं दुकानात जातात, दुकानदार थोडी फी घेऊन चेक करतो. मी त्याला विचारलं तुला त्रास नाही का होत, तर म्हणाला शनिवारची सकाळ गेली, पण निदान मी कुणाला विकली ते मला कळलं, रात्री झोप लागते. हा माणूस आमच्या ऑफिसात बंदुकीच्या हक्काबद्दल सगळ्यात जोरात बोलणारा आहे, म्हणून मला त्याचं म्हणणं महत्त्वाचं वाटतं.

आता खरं तेही सांगायला हवं, ऑरोराच्या मारेकऱ्याने बंदुका दुकानातून चेक पास होऊन घेतल्या होत्या. त्याला हा चेक अडवू शकला नसता. बोल्डरला २२ मार्च २०२१ ला किंग सूपर्समध्ये, म्हणजे आम्ही ज्या साखळी दुकानातून दूध-भाजी आणतो तिथे, दहा जण मारले गेले, तोही चेक पास होता. पण त्याला आधी मारहाणीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली होती, फक्त तो गुन्हा लहान समजला जायचा म्हणून चेकमध्ये अडत नव्हता. त्याच वर्षी राज्याने कायदा बदलला, अशा हिंसक पण लहान गुन्ह्यांनंतरही पाच वर्षं बंदूक नाही. तेव्हा चेक म्हणजे जादू नाही, चाळणी आहे, आणि चाळणीची भोकं किती मोठी ठेवायची हे माणसंच ठरवतात.

सगळ्यात वाईट वाटतं ते नुसत्या कागदाच्या हलगर्जीपणाचं. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ ला ३२ जण गेले, त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगीही होती, आपल्याकडे तेव्हा किती हळहळ झाली होती आठवत असेल. मारणाऱ्याला २००५ मध्येच न्यायाधीशाने स्वतःसाठी धोकादायक ठरवून उपचार घ्यायला सांगितलं होतं. ती नोंद एफबीआयच्या सिस्टीममध्ये पोचलीच नव्हती, दुकानात चेक झाला आणि उत्तर आलं, द्या. टेक्सासच्या सदरलंड स्प्रिंग्जला ५ नोव्हेंबर २०१७ ला चर्चमध्ये २६ जण गेले, त्यात पोटातलं बाळ धरलंय. तो हवाई दलात असताना बायको आणि सावत्र मुलाला मारल्याबद्दल लष्करी कोर्टाने त्याला शिक्षा केली होती, हवाई दलाने ती माहिती पुढे पाठवलीच नाही. नंतर कोर्टाने हवाई दलाला मारेकऱ्यापेक्षाही जास्त, ६० टक्के जबाबदार धरलं. कुणीतरी एक फाईल पुढे सरकवायची राहिली आणि रविवारी सकाळी प्रार्थनेला बसलेली माणसं गेली. मी स्वतः अकाउंट्समध्ये काम करते, एखादी एंट्री राहून गेली की काय होतं ते मला माहीत आहे, आमच्याकडे पैसे चुकतात एवढंच.

दोन्ही वेळेला नंतर कायदे दुरुस्त झाले, २००८ च्या जानेवारीत एक आणि २०१८ च्या मार्चमध्ये एक, सरकारी खात्यांनी आणि राज्यांनी नोंदी नीट पाठवाव्यात म्हणून. पण बघा, प्रत्येक वेळेला आधी अंत्यविधी, मग दुरुस्ती.

आणखी एक भोक आहे ते तर मला पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटेना. दुकानदाराने चेक पाठवला आणि एफबीआयने 'थांबा, शोधतोय' असं सांगितलं, तर किती थांबायचं? कामाचे तीन दिवस. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर देशाच्या कायद्याप्रमाणे दुकानदार बंदूक देऊ शकतो. उत्तर नाही म्हणजे होकार. २०१५ मध्ये साऊथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या काळ्या लोकांच्या जुन्या चर्चमध्ये बायबल वाचायला बसलेल्या नऊ जणांना ज्याने मारलं त्याला असंच पिस्तूल मिळालं. त्याच्यावर ड्रग्जची केस होती, नोंद नेमकी कुठल्या पोलीस खात्याकडे आहे हे शोधण्यात तपासणाऱ्यांचा घोटाळा झाला, तीन दिवस गेले, पिस्तूल दिलं गेलं. एफबीआयच्या प्रमुखांनी नंतर जाहीरपणे चूक मान्य केली. २०२२ मध्ये युव्हाल्डेच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्यावर केंद्राने कायदा केला त्यात २१ वर्षांखालच्यांसाठी ही मुदत गरज पडली तर दहा दिवसांपर्यंत वाढवली, बाकीच्यांना अजून तीनच. आमच्या कोलोरॅडोत २०२१ पासून उत्तर आल्याशिवाय द्यायचीच नाही असं आहे, हे सगळीकडे का होऊ नये?

आता इथे मला लोक म्हणतात, आपल्याच मराठी कार्यक्रमात एकजण म्हणाले, की गुन्हेगार थोडेच कायदा पाळतात, त्यांना कुठूनही मिळते. अहो, कुठूनही मिळते म्हणूनच तर म्हणतेय ना, ते 'कुठूनही' कमी करा. ओडेसावाला पहिल्यांदा कायदेशीर दुकानातच गेला होता. कुलूप लावलं म्हणून चोऱ्या बंद होत नाहीत पण म्हणून कुणी दार उघडं टाकून गावाला जात नाही. दुसरं म्हणतात की सरकार यादी करेल आणि एक दिवस घरोघरी येऊन बंदुका उचलेल. ही भीती इथल्या लोकांच्या मनात खोल आहे आणि मी तिला हसणार नाही. पण १९८६ च्या कायद्यानेच देशपातळीवर अशी यादी करायला बंदी आहे आणि पास झालेल्या चेकच्या नोंदी एफबीआयला २४ तासांत पुसाव्या लागतात. आणि २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने घरात बंदूक ठेवायचा वैयक्तिक हक्क मान्य केला त्याच निकालात विक्रीवर अटी घालता येतात असंही म्हटलंय.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो, तिथे बंदूक घ्यायची तर आधी गावच्या पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात, पिस्तुलाला तर प्रत्येक वेळी वेगळा परवाना. तो हे सांगत होता तेव्हा मला आमचं कुडाळचं पोलीस ठाणंच आठवलं. न्यू जर्सीत बंदुकीने मरणाऱ्यांचं प्रमाण देशात सगळ्यात कमी असलेल्या राज्यांत मोडतं. त्याला बाकी कारणंही असतील, पैसा आहे, शहरं आहेत, पण हेही एक आहेच असं मला वाटतं. आणि राज्याराज्याने वेगळं करून भागत नाही हे इथे दिसतं, आमच्या फोर्ट कॉलिन्सहून तासाभरात वायोमिंगमधलं शायेन येतं आणि तिथे खासगी विक्रीला चेक नाही. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला खासगीत विकायची नाही असा देशाचा कायदा आहे, पण विचारणारंच कोणी नसेल तर?

प्यू रिसर्च या इथल्या संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत ८१ टक्के अमेरिकन खासगी विक्री आणि गन शोवर चेक हवा म्हणाले. तरी सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारात वीस लहान मुलं गेल्यानंतर चार महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये, सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ असं बहुमत असूनही ते विधेयक पडलं कारण तिथे ६० लागतात. खालच्या सभागृहाने २०१९ आणि २०२१ मध्ये पुन्हा मंजूर केलं, सिनेटमध्ये मतालाच आलं नाही. म्हणून माझी इथल्या आपल्या लोकांना, ज्यांना सिटिझनशिप मिळाली आहे त्यांना, विनंती आहे, व्हिसाच्या प्रश्नावर आपण सिनेटरच्या ऑफिसला फोन करतो, ईमेल पाठवतो, तसा एक फोन यासाठीही करा. आपण बाहेरून आलोय, आपण कशाला बोला असं बरेच जण म्हणतात. आपली मुलं त्याच शाळेत जातात.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना शाळेत गोळीबार झाला तर काय करायचं ते घरी येऊन मला शिकवत होता, लॉक्स, लाइट्स, आउट ऑफ साइट. म्हणजे दार लॉक, दिवे बंद, कोपऱ्यात दिसणार नाही असं बसायचं. मला म्हणाला आई, खोकला आला तरी खोकायचं नाही. आमच्या वेळेला शाळेत साप निघाला तर काय करायचं ते शिकवायचे. त्या रात्री मी त्याच्या खोलीत खाली गादी टाकून झोपले.

आणि शेवटी एक राहिलंच, तिकडचे पालक मला विचारतात म्हणून सांगते. २०२३ मध्ये इथे बंदुकीने ४६,७२८ माणसं गेली, त्यातल्या २७,३०० आत्महत्या. बातमीत येतात ते सामूहिक गोळीबार या आकड्याचा अगदी लहान भाग असतात. मुलगा इथे रूम शोधत असेल तर घरमालकाकडे किंवा रूममेटकडे बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का हे विचारायला सांगा, इथे कुणाला त्याचं वाईट वाटत नाही, मी मुलाला मित्राच्या घरी खेळायला पाठवताना विचारते. आणि मुलगा गप्प गप्प वाटला तर फोनवर अभ्यासाचं नंतर विचारा. कोलोरॅडोत ऑक्टोबर २०२३ पासून बंदूक विकत घेतल्यावर हातात यायला निदान तीन दिवस थांबावं लागतं, त्या मागे हेच कारण आहे की वाईट रात्र सरायला वेळ मिळावा.

संपादक साहेब, तुमच्याकडे एकच मागणं आहे. असा गोळीबार पुन्हा होईल, होऊ नये असं रोज वाटतं पण होईल, तेव्हा पहिल्या दिवशी आकडा छापाल तो छापाच. पण चार-आठ दिवसांनी, पोलीस सांगतात तेव्हा, आतल्या पानात का होईना दोन ओळी द्या की बंदूक आली कुठून. दुकानातून आली का, चेक झाला होता का, कुठली नोंद राहिली होती, की पार्किंग लॉटमध्ये रोख पैसे देऊन आली. मारणाऱ्याचं नाव नाही छापलं तरी चालेल.

आपली नियमित वाचक,
डेनव्हर, कोलोरॅडो
(माहेर : ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग)